हिरवेपणाचे मोजमाप आणि पाहणाऱ्याचे स्थान

'अलीकडे' आणि 'पलीकडे' हे शब्द बोलणारा कोठे उभा आहे हे ठाऊक असल्यावाचून अर्थ देत नाहीत. गोदावरीचा उत्तर तीर शिर्डीकराला पलीकडचा, तर येवल्याकडील माणसाला तोच अलीकडचा. उपग्रहाने मोजलेला अरण्याचा हिरवेपणा हाही असाच स्थानसापेक्ष शब्द आहे. परंतु तो निरपेक्ष समजून वापरला गेल्यामुळे विषुववृत्तीय वनांविषयी एक मोठा वाद उद्भवला. त्या वादातील दोन्ही पक्षांची युक्तिवादपद्धती तपासण्याजोगी आहे.

2006 साली ह्यूटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमेझॉनचे अरण्य कोरड्या ऋतूत अधिक हिरवे होते असे प्रतिपादन केले. 2007 साली सॅलेस्का प्रभृतींनी 2005 च्या अवर्षणातही असाच हिरवेपणा आढळल्याचे 'सायन्स' नियतकालिकात मांडले. दोहोंचा आधार 'मोडिस' या उपकरणाने दिलेला वनस्पति-निर्देशांक हा होता. अवर्षण अरण्याला सोसवते की नाही, हा प्रश्न त्या आकड्यांवर अवलंबून असल्यामुळे त्यांचे महत्त्व केवळ तांत्रिक नव्हते.

2014 साली मॉर्टन व सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये या वाचनावर आक्षेप घेतला. सूर्य कलता असता एका वृक्षाच्या माथ्याची सावली शेजारच्या वृक्षावर पडते. तो माथ्यावर आला की सावल्या आखडतात. शिवाय सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असेल तर सावल्या पानांच्या आड दडतात व अरण्य उजळ दिसते. पाने निकट-अवरक्त प्रकाश विपुल प्रमाणात परावर्तित करीत असल्याने, त्या प्रकाशावर अधिक भर देणारा निर्देशांक या उजळपणाला विशेष बळी पडतो. जून ते ऑक्टोबर या काळात ॲमेझॉनवर सूर्य व उपग्रह यांची परस्परस्थिती नेमकी अशीच बदलत जाते. हा परिणाम वजा केल्यावर ऋतुगत वाढ उरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आक्षेपाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्धात मात्र एक पायरी गाळली गेली आहे. 'या साक्षीवरून बदल सिद्ध होत नाही' आणि 'बदल झालाच नाही' ही दोन भिन्न विधाने होत. साक्षीदाराची साक्ष सदोष ठरली म्हणून घटनाच घडली नाही असे ठरत नाही. 2016 साली सॅलेस्का यांच्या गटाने दुरुस्तीनंतरही काही वाढ शिल्लक राहते असे उत्तर दिले. त्याच वर्षी वू प्रभृतींनी मनोऱ्यांवरील छायाचित्रकांच्या आधारे कोरड्या ऋतूत जुनी पाने गळून नवी, अधिक कार्यक्षम पाने येतात, असे दाखविले. कोनामुळे होणारा भास आणि पालवीची वस्तुस्थिती एकाच महिन्यांत एकत्र आल्या होत्या; एकीच्या सिद्धतेने दुसरीचे खंडन होत नव्हते.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या वाचकाला हा पेच दूरचा नाही. शिर्डीच्या अक्षांशावर 22 डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे 47 अंशांवर असतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात तो डोक्यावर येतो. पश्चिमेस, जवळजवळ त्याच अक्षांशावर, अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगडाची वने आहेत. तेथे उन्हाळ्यात अनेक वृक्ष निष्पर्ण होतात, आणि पावसाच्या कितीतरी आधी कोशिंबासारखे वृक्ष तांबडी पालवी धारण करतात. म्हणजे सूर्य वर चढतो त्याच महिन्यांत पानगळ आणि पालवीही चालू असते. त्यात डोंगराळ भूमीची भर: सकाळच्या फेरीत पूर्वेकडील उतार उजळ, तर कोकणकड्याची पश्चिमाभिमुख बाजू सावलीत. मार्च आणि मे या महिन्यांचे आकडे कोनांचा हिशेब न मांडता शेजारी ठेवणारा अभ्यासक वनाची नव्हे, सूर्याची वाटचाल मोजण्याचा संभव आहे.

'हिरवेपणा' या एका शब्दात पानांची संख्या, पानांचे वय, सावलीचे प्रमाण आणि पाहणाऱ्याची जागा अशा चार गोष्टी कोंबल्या गेल्या, हे या वादाचे मूळ होय. म्हणून निर्देशांकाच्या प्रत्येक आकड्याबरोबर सूर्याचा व दृष्टीचा कोन नोंदविणे, कोन समान असलेल्या दिवसांचीच तुलना करणे, आणि अंतिम निर्णयापूर्वी जमिनीवरील पालवीची नोंद पाहणे, एवढी शिस्त आवश्यक ठरते. कोन वगळलेला आकडा हा बोलणाऱ्यावाचून उच्चारलेल्या 'पलीकडे'सारखा आहे: व्याकरणदृष्ट्या शुद्ध, पण दिशा न सांगणारा.