ओवी, पासोडी आणि संगणक

दृश्य-श्राव्य कला आणि नवे तंत्रज्ञान यांचे पदव्युत्तर शिक्षण म्हटले की बीडच्या विद्यार्थ्याला आधी पुण्या-मुंबईचे तिकीट काढावे लागते. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. पवईच्या आयआयटीत १९६९ साली 'आयडीसी' (इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर) निघाले. तिथे आज अ‍ॅनिमेशन आणि इंटरॅक्शन डिझाइन शिकवतात. १९६९ सालीच चित्रकार अकबर पदमसींनी नेहरू फेलोशिपच्या पैशांतून मुंबईत 'व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप' थाटली. चित्रकारांनी कॅमेऱ्याशी झटावे, असा तिचा बाणा होता आणि तरुण नलिनी मालानींचे कॅमेऱ्यातले सुरुवातीचे प्रयोग तिथेच झाले. ती फार काळ टिकली नाही. २०२५ मध्ये मुंबईत 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज' उभी राहिली. तिचा भर अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगवर, म्हणजे उद्योगाला लागणाऱ्या मनुष्यबळावर आहे.

मराठवाड्यात काहीच नाही, असे नव्हे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पत्रकारिता आहे, नाट्यशास्त्र आहे, संगणकशास्त्रही आहे. पण प्रत्येकाचा उंबरठा वेगळा. नाटकवाल्याला कोड लिहिता यावे किंवा संगणकवाल्याने महिनाभर गावात बसून ध्वनिमुद्रण करावे, अशी अपेक्षा अभ्यासक्रमच करत नाही. त्यामुळे 'नवे तंत्रज्ञान' याचा अर्थ बहुतेक ठिकाणी नवे सॉफ्टवेअर एवढाच उरतो. सॉफ्टवेअर चार वर्षांत जुने होते आणि शिक्षणही त्याच्याबरोबर कालबाह्य होते.

गंमत अशी, की या अभ्यासाचा अस्सल नमुना खुद्द बीड जिल्ह्यात होऊन गेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी जात्यावरच्या ओव्या जमवण्याचे काम पुण्याजवळच्या डोंगरी भागात सुरू केले आणि ते राज्यभर पसरले. एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. हे गृहस्थ अभियंता, त्यात संगीताचे अभ्यासक. तबल्याच्या कायद्यांची रचना उलगडणारा 'बोल प्रोसेसर' हा त्यांचा प्रोग्राम. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी गायिलेल्या भीमाच्या, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांवरच्या, ओव्या या प्रकल्पात ध्वनिमुद्रित झाल्या. पुढे 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळाने २०१७ पासून हा संग्रह मजकूर, आवाज आणि चित्रफितींसह लोकांसमोर आणला.

या कामाची बारकाई पाहण्यासारखी आहे. ओवी दोन ओळींची, पण गाताना ती तेवढी राहत नाही. 'गं बाई'सारखी भर पडते, अर्धी ओळ पुन्हा येते, एकीने सोडलेला शब्द दुसरी उचलते, आणि खाली जात्याची घरघर चालूच असते. मग कागदावर नेमके काय उतरवायचे? गायिलेले सगळे, की मूळच्या दोन ओळी? गाणारीचे नाव, गाव आणि विषय कोणत्या रकान्यात घालायचे? एकच ओवी सासुरवासाचीही असते आणि भावाचीही. हे प्रश्न भाषेचे, संगीताचे आणि डेटाबेसचे एकाच वेळी आहेत. प्रकल्पातल्या गावाकडच्या कार्यकर्त्या बायका ओव्या उतरवून घेण्यात सामील होत्या, म्हणून उत्तरे एकट्या तज्ज्ञाने ठरवली नाहीत. पदव्युत्तर वर्गात शिकवायचे ते हेच.

आज मराठी बोलणे मजकुरात उतरवणारी यंत्रे आली आहेत. बातमीदाराची प्रमाण मराठी त्यांना बरी समजते. जात्यावरच्या म्हातारीचा माजलगावी हेल, त्यात सूर आणि घरघर, इथे खरी परीक्षा आहे. यंत्र कुठे चुकते हे ओळखायला ती बोली घरात ऐकलेला विद्यार्थी लागतो. तो बीडमध्ये आहे. प्रयोगशाळा मात्र बीडमध्ये नाही. आजवरचा व्यवहार असा, की आवाज इथला आणि त्यावरचे शिक्षण दुसरीकडचे. ऊसतोडीच्या फडातून रील टाकणाऱ्या पोरांचेही तेच. कॅमेरा त्यांच्या हातात आला, पण आपल्या चित्रणाचा संग्रह कसा राखावा, हक्क कुणाचा, रचना कशी करावी, हे सांगणारे कुणी भेटले नाही.

माध्यमाशी झगडण्याची परंपरा तर इथे जुनी आहे. संतकवी दासोपंतांनी (१५५१–१६१५) 'पंचीकरण' हा विषय पोथीत न मावल्यागत लांबरुंद पासोडीवर, म्हणजे जाडसर कापडावर, लिहिला, सोबत आकृत्याही काढल्या. ती पासोडी आंबेजोगाईत जपलेली आहे. वाचकाने पाने उलटायची नाहीत, कापडासमोरून सरकत मजकूर आणि आकृती एकत्र पाहायची. आजचा इंटरफेस डिझायनर याच प्रश्नाशी अडखळतो. तरी पासोडी आपल्याकडे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात एका वाक्यात उरकली जाते आणि दृश्यकलेच्या वर्गात तिचे नाव निघत नाही.

सारांश, या कलेची आपल्याकडची अवस्था साधनांनी संपन्न आणि विषयाने दरिद्री आहे. विद्यापीठाने नवी इमारत बांधावी, असे माझे म्हणणे नाही. पत्रकारिता, नाट्यशास्त्र, मराठी आणि संगणक या चार विभागांनी मिळून दोन वर्षांचा एक अभ्यासक्रम आखावा. त्याचे पहिले सत्र आंबेजोगाई-माजलगावात, पासोडीसमोर आणि ओव्या गाणाऱ्या बायकांजवळ घ्यावे. संगणक दुसऱ्या सत्रात उघडावा. जात्यावर बसलेली शेवटची पिढी आता थकली आहे, म्हणून हे काम पुढच्या शैक्षणिक वर्षापलीकडे ढकलू नये.