यात्रिकाची झोप

धर्मश्रद्धा माणसाच्या अंतःकरणातून नाहीशी कशी होते, या प्रश्नास सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. बुद्धिवादाने तिचा पराभव केला हे एक, आणि मोहाने तिचा घात केला हे दुसरे. या दोन्ही उत्तरांत कोठे तरी एक रणांगण गृहीत धरलेले असते. परंतु ज्यांनी आपल्या भोवतालच्या माणसांकडे डोळसपणे पाहिले आहे, त्यांस ठाऊक असते की, पुष्कळांच्या बाबतीत असे युद्ध कधी होतच नाही. आज प्रार्थना राहते, उद्या राहते, परवा तिची आठवणही होत नाही. आणि काही वर्षांनी कोणी विचारले म्हणजे मनुष्य स्वतःच चकित होतो की, आपण सोडले असे तर कधीच ठरविले नव्हते!

नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेले जे पत्र आहे, त्याचा कर्ता कोण हे निश्चित झालेले नाही. पण मानवी मनाची त्याची पारख मोठी सूक्ष्म होती. श्रद्धेपासून दूर जाण्याच्या धोक्याविषयी दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्याने जो ग्रीक शब्द योजिला आहे, तो वाहत्या पाण्याचा आहे. नाव कोणी फोडीत नाही, वादळही सुटलेले नसते. नावाडी फक्त बेसावध असतो, आणि प्रवाह आपले काम करीत राहतो. याच पत्रात पुढे आशेला जिवाच्या नांगराची उपमा दिली आहे, आणि एकमेकांस रोजच्या रोज बोध करीत जा, एकत्र जमणे सोडू नका, असा उपदेशही केला आहे. नांगर आणि सोबत या दोन गोष्टींत त्या पत्रकर्त्याचा सगळा बंदोबस्त आला. हा बंदोबस्त कथेच्या रूपाने ज्याने सर्वांत चांगला उलगडून दाखविला, त्या ग्रंथकाराचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

तो ग्रंथकार म्हणजे जॉन बन्यन. 1628 साली इंग्लंडातील बेडफर्डजवळच्या एल्स्टो गावी एका भांडी सांधणाऱ्याच्या घरी तो जन्मला, आणि तोच धंदा त्यानेही केला. शाळेचे शिक्षण बेताचेच. सरकारमान्य चर्चच्या परवान्यावाचून प्रवचने करतो म्हणून 1660 साली त्यास धरले, आणि प्रवचन करणार नाही असे वचन तो देईना, म्हणून सुमारे 12 वर्षे तो बेडफर्डच्या तुरुंगात राहिला. त्याच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपकाचा पहिला भाग 1678 साली व दुसरा 1684 साली प्रसिद्ध झाला. मराठी वाचकांस हे पुस्तक परके नाही. हरि केशवजी यांनी ‘यात्रिकक्रमण’ या नावाने त्याचे भाषांतर 1841 सालीच केले होते. ज्या काळी मराठी गद्य नुकते उभे राहू लागले होते, त्या काळी जी थोडी पुस्तके आपल्या भाषेत आली, त्यांपैकी हे एक होय. पुढील विवेचनात पात्रांची व स्थळांची नावे आम्ही आमच्या मतीप्रमाणे मराठीत दिली आहेत.

या रूपकाची स्तुती करणारे बहुधा त्यातील युद्धप्रसंगांकडे बोट दाखवितात. नायक ख्रिस्ती आणि अपोल्योन नावाचा राक्षस यांची झुंज, किंवा मायाबाजारात विश्वासू या त्याच्या सोबत्याचा झालेला छळ व मृत्यू, ही प्रकरणे चित्तवेधक आहेत यात संशय नाही. परंतु बारकाईने पाहिले असता असे दिसून येते की, यात्रिकाचे खरे नुकसान या प्रसंगी होत नाही. अपोल्योनाच्या हातून तो जखमी होतो, पण त्याची श्रद्धा सुटत नाही. मायाबाजारात त्यास बेड्या पडतात, पण त्याचे पाऊल मागे येत नाही. त्याचे नुकसान होते ते विसाव्याच्या जागी. दुर्घट टेकडी चढताना मध्यावर थकलेल्यांसाठी एक मांडव घातलेला आहे. तो मांडव प्रभूनेच घातलेला आहे, सैतानाने नव्हे, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. तेथे ख्रिस्ती बसतो, पेंगतो, झोपतो, आणि ज्या गुंडाळीवर त्याच्या तारणाचा दाखला, ती गुंडाळी हातातून गळून पडते. ती पडल्याचे त्यास तेव्हा कळत नाही. पुढे गेल्यावर, भीतीच्या प्रसंगी आधारासाठी हात छातीशी जातो, तेव्हा कळते. मग आलेली वाट रडत रडत परत तुडवावी लागते. एकदा चालून व्हावयाचा तो रस्ता तीनदा चालावा लागतो.

दुसरा प्रसंग कुरणाचा. नदीकाठचा रस्ता खडबडीत होतो, पाय दुखू लागतात, आणि कुंपणापलीकडे एक हिरवी पाऊलवाट दिसते. ती रस्त्याला अगदी समांतर जाते. ख्रिस्ती अधर्माकडे वळत नाही. थोडी सोय पाहतो, इतकेच. त्याचा सोबती आशावंत शंका काढतो, पण ज्येष्ठाच्या शब्दाला मान देऊन मागोमाग जातो. समांतर दिसणाऱ्या वाटा पुढे फाकतात, रात्र पडते, पाणी चढते, आणि सकाळी दोघेही नैराश्य राक्षसाच्या संशयगडात कैद होतात. बुधवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत अंधारकोठडी, उपवास आणि मार. येथे बन्यनने जी गोष्ट दाखविली आहे ती मोठी मार्मिक आहे. सुटकेची किल्ली ख्रिस्तीच्या छातीशी पहिल्यापासूनच होती. तिचे नाव वचन. ती हरवली नव्हती, फक्त तिची आठवण राहिली नव्हती. सुटल्यावर ते दोघे कुंपणापाशी मागून येणाऱ्यांसाठी इशाऱ्याचा खांब उभारून मगच पुढे जातात. आपण जेथे चुकलो तेथे खूण करून ठेवणे हा धर्मच आहे, असे ग्रंथकारास वाटले असले पाहिजे.

परंतु आमच्या मते या ग्रंथाचे मर्म यात्रेच्या अखेरीकडील मोहभूमीत आहे. तेथे शत्रू नाही, काटे नाहीत, काही नाही. हवाच अशी आहे की डोळे मिटू लागतात. आशावंत म्हणतो, जरा पडू या. तेव्हा ख्रिस्ती जो उपाय काढतो तो अत्यंत साधा आहे. आपण बोलू या, एवढेच तो म्हणतो. मग आशावंत आपणास ही वाट कशी लाभली ते पहिल्यापासून सांगू लागतो, आणि बोलता बोलता ती भूमी ओलांडली जाते. याच संभाषणात हंगामी नावाच्या एका इसमाची हकीकत निघते. हा एकदा यात्रेस निघणार होता, पण आपमतलबी मित्राच्या ओळखीने परका झाला. अशी माणसे परततात कशी, याची जी पायरीवार नोंद ख्रिस्ती करतो, तीत बन्यनचे निरीक्षण एखाद्या निष्णात वैद्यास शोभेल असे आहे. आधी देव, मृत्यू व न्याय यांचा विचार मनातून दूर सारला जातो. मग एकांतातील प्रार्थना व आत्मपरीक्षण सुटते. मग श्रद्धाळू मंडळींचा सहवास नकोसा होतो. मग सार्वजनिक उपासनेत मन लागत नाही. मग सज्जनांचे दोष शोधण्याची आवड लागते, कारण त्यांत एखादा डाग सापडला म्हणजे आपल्या सुटण्यास सबब मिळते. मग सैल वागणुकीच्या माणसांशी संगत, मग लहानसहान पापे उघडपणे, आणि शेवटी मनाची पूर्ण निबरता. या क्रमात वादविवादाने झालेला बुद्धीचा पराभव कोठेच नाही, हे वाचकांनी पाहावे. आणि लोकांच्या नजरेस पडण्यासारखी पहिली पायरी येते, तोपर्यंत एकांतातील दोन पायऱ्या उतरून झालेल्या असतात.

येथे मराठी वाचकास पंढरीच्या वारीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. दिंडीत मनुष्य एकटा चालत नाही. पाय थकले तरी सोबतच्यांचे भजन त्यास ओढून नेते. दोन्ही पंथांचे तत्त्वज्ञान निराळे आहे, आणि ते एकच आहे असे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण चालणाऱ्यास जागे ठेवण्याची युक्ती दोघांनाही एकच सापडली, हे मान्य करावयास हरकत नसावी.

आता दोषांकडे वळू. बन्यनचा ख्रिस्ती घर सोडतो तो बायकामुले हाका मारीत असता कानांत बोटे घालून धावत सुटतो. स्वतःच्या जिवाची ही घाई रूपक म्हणून समर्थनीय असली, तरी वाचकाच्या मनाला टोचते. दुसरा दोष याहून मोठा. वाटेत नास्तिक नावाचा इसम भेटतो. तो सांगतो की, आपण 20 वर्षे ते नगर शोधले आणि ते कोठेच नाही. वीस वर्षे शोधणारा मनुष्य वाहवत गेलेला म्हणता येत नाही; तो थकलेला, कदाचित प्रामाणिक शोधकही असेल. त्याच्याशी दोन शब्द बोलून यात्रिक पाठ फिरवितात. नवल असे की, बन्यनला स्वतःला असल्या शंका माहीत होत्या. 1666 सालच्या आपल्या आत्मचरित्रात त्याने कबूल केले आहे की, प्रत्येकास आपलाच धर्म खरा वाटतो, मग आपलाही तसाच नसेल कशावरून, या विचाराने आपणास एके काळी फार छळले. हा अनुभव त्याने रूपकात नास्तिकाच्या वाट्यास दिला असता, तर ग्रंथाची उंची वाढली असती. झोपेने श्रद्धा गमावणारा आणि जागेपणी शंका घेणारा, या दोघांस एका मापाने मोजणे न्यायाचे नाही.

पहिला दोष मात्र ग्रंथकाराने स्वतःच धुऊन काढला आहे. दुसऱ्या भागात ख्रिस्तीची बायको मुलांसह त्याच वाटेने निघते. बरोबर महामना नावाचा वाटाड्या असतो. हळूहळू या तांड्यात भित्रे, दुबळ्या मनाचे, कुबड्या घेऊन चालणारेही सामील होतात. दुबळा म्हणतो, मला तुमच्याबरोबर चालवणार नाही, तुम्ही पुढे व्हा. महामना त्यास उत्तर देतो की, आम्ही तुझ्यासाठी थांबू, तुला धरून नेऊ. पहिल्या भागाचा जोम या भागात नाही अशी समीक्षकांची तक्रार असते, आणि ती खरी आहे. पण दुसऱ्याच्या श्रद्धेचे रक्षण कसे करावे, या प्रश्नाचे उत्तर याच भागात आहे. त्याच्या चालीने चालावे, हे ते उत्तर.

हे उत्तर न सुचल्याने काय होते, ते एडमंड गॉसच्या ‘फादर अँड सन’ या 1907 सालच्या आत्मकथनात पाहावयास मिळते. गॉसचा बाप फिलिप हा नामांकित प्राणिशास्त्रज्ञ आणि प्लिमथ ब्रदरन पंथाचा कडवा अनुयायी होता. मुलाची श्रद्धा ढळू नये म्हणून आईबापांनी घरात कल्पित गोष्टींस थाराच दिला नाही. पऱ्यांच्या आणि राक्षसांच्या कथा त्या मुलाच्या कानी पडल्या नाहीत. वयाच्या दहाव्या वर्षी प्रौढांप्रमाणे त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे मुलगा लंडनास गेल्यावर बापाची पत्रे येत राहिली, आणि प्रत्येक पत्रात आत्म्याच्या प्रकृतीची झडती. परिणाम सर्वश्रुत आहे. मुलगा दुरावला, आणि बापाचे प्रेम खरे असल्यामुळे ती ताटातूट अधिकच करुण झाली. या बापाने रक्षणात कसूर केली असे कोण म्हणेल? पण त्याचा सगळा पहारा बाहेरून होता. बन्यनच्या रूपकात यात्रिकास जागे ठेवणारा सोबती स्वतःही पेंगण्याच्या धोक्यात असतो, आणि आपली हकीकत सांगतो. गॉसच्या घरात एक केवळ विचारणारा होता आणि दुसरा केवळ जबाब देणारा.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या भाषेत आहे. 1895 साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, परत आल्या, स्वतः पाहिले, स्वतः विचार केला, आणि मग त्या वाटेवर आपल्या पायांनी आल्या. ‘स्मृतिचित्रे’त हा प्रवास त्यांनी ज्या निर्मळ विनोदाने सांगितला आहे, त्याची बरोबरी मराठीत क्वचितच सापडेल. 1919 साली टिळक वारले. उसनी श्रद्धा असती तर ती तेथेच ओसरली असती. पण पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी हाती घेतले, आणि त्या काव्याचा बहुतेक भाग त्यांच्याच लेखणीतून उतरला.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा धर्म बन्यनचा नाही. तथापि वडिलांच्या देवघरापुढे मुले किती काळ हात जोडतील, ही चिंता कोणत्या घरात नाही? त्या चिंतेपोटी कोणी खिडक्या बंद करतो, कोणी रोज झडती घेतो. आणि आपण स्वतः शेवटचे एकांतात कधी बसलो होतो, हे विचारावयाचे तेवढे राहून जाते. मुलांची गुंडाळी शोधण्याआधी वडील माणसांनी आपल्या छातीशी हात नेऊन पाहावा. तेथे ती असेल, तर बोलण्यास विषय मिळेल. नसेल, तर ती कोणत्या मांडवात पडली हे मुलांना खरेपणाने सांगता येईल, आणि परतीची वाट दोघांनी मिळून चालता येईल. बन्यनच्या पुस्तकाचा इतका उपयोग कोणत्याही धर्माच्या गृहस्थास करून घेता येण्यासारखा आहे, असे आमचे मत आहे.