संपादकाचे ऋण : 'मनोरंजन'कर मित्र

वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथकारांची नावे टिकतात. संपादकाचे नाव जुन्या अंकांच्या वेष्टनाबरोबर फाटून जाते. काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांच्या वाट्यास हेच आले. दिवाळी अंकाचे जनक म्हणून वर्षातून एकदा त्यांचे स्मरण होते, आणि तेवढ्याने ऋण फिटले असे आपण मानतो. आमच्या मते हा हिशेब अपुरा आहे.

मित्रांचे मूळ आडनाव आजगावकर. बंगाली भाषेच्या प्रेमापोटी त्यांनी 'मित्र' हे नाव धारण केले. १८९५ साली त्यांनी 'मासिक मनोरंजन' काढले. त्यापूर्वी १८७४ साली निघालेल्या 'निबंधमाले'त प्रायः एकट्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांचीच वाणी ऐकू येई. मित्रांची रीत निराळी. स्वतः मागे राहून दुसऱ्यांच्या लेखण्या चालत्या करण्यात त्यांनी आपली शक्ती वेचली. वि. सी. गुर्जरांसारखा कथालेखक मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचला तो 'मनोरंजना'च्याच द्वारे.

ह्या मासिकाने रूढ केलेली 'संपूर्ण गोष्ट' वरवर पाहता केवळ वाचकांची सोय वाटते : गोष्ट ज्या अंकात सुरू व्हावयाची त्याच अंकात संपावयाची. परंतु ह्या मर्यादेनेच लेखकास पाल्हाळ सोडून एकाच प्रसंगाभोवती कथा रचावयास शिकविले. मराठी लघुकथेच्या घडणीत संपादकाच्या ह्या शिस्तीचा वाटा लेखकांच्या प्रतिभेहून फारसा कमी नाही. १९०९ चा दिवाळी अंकही त्याच दृष्टीचे फळ होय. सणाच्या फराळाबरोबर वाङ्मयही घरात यावे, ही कल्पना तेथून रुजली.

दोष नव्हते असे नाही. त्या कथांतील योगायोगांचा सुळसुळाट आणि पांढरपेशा संसाराचा गोडवा आज कंटाळा आणतो. वाचकांस आपलेसे करू पाहणारा संपादक त्यांच्या रुचीचा अंकित होण्याचे भय असतेच, आणि मित्र त्यातून सर्वस्वी सुटले नाहीत. तथापि त्यांनी जमविलेल्या वाचकवर्गावरच पुढील मासिकांनी आपली इमारत उभारली, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

१९२० साली मित्र निवर्तले. त्यांच्या नावावर कोणते थोर पुस्तक आहे, असे विचारणाऱ्यास आम्ही 'मनोरंजना'च्या जुन्या फायली दाखवू. त्यांतील बहुतेक सह्या दुसऱ्यांच्या आहेत, आणि मित्रांचे कर्तृत्व शोधावयाचे ते तेथेच.