ऑडिशनसाठीचे नाट्यउतारे : स्वगताकडून आकाशभाषिताकडे

प्रास्ताविक

नाट्यशिक्षण संस्थेची प्रवेशपरीक्षा असो, व्यावसायिक नाटकाची पात्रनिवड असो वा दूरचित्रवाणी मालिकेची, नटाला एकट्याने उभे राहून दोन-तीन मिनिटांत स्वतःची पारख करून द्यावी लागते. यासाठी निवडलेल्या मजकुरास मराठीत सर्रास ‘स्वगत’ म्हटले जाते. युवक महोत्सवातील एकपात्री अभिनय स्पर्धेसाठी महाविद्यालयात बसवून घेतला जाणारा उताराही पुष्कळदा हाच असतो व पुढे तोच विद्यार्थी तो ऑडिशनला घेऊन जातो. स्वगताचा विचार आपल्याकडे नाटकाचा एक घटक म्हणून होत आला. नटाच्या परीक्षेचे साधन म्हणून त्याची चिकित्सा तुलनेने कमी झाली. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अंगाने काही प्रचलित उतारे तपासावयाचे आहेत, आणि ऑडिशनसाठी स्वतंत्रपणे लिहिल्या जाणाऱ्या संहितेचे स्वरूप कसे असावे याचा विचार करावयाचा आहे.

प्रचलित उतारे

मुलांसाठी गणपतराव बेलवलकर, मुलींसाठी लीला बेणारे किंवा मंजुळा, ही निवड आता परंपरेसारखी रूढ झाली आहे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. त्यातील स्वगतांचे सामर्थ्य वादातीत आहे. परंतु ते सामर्थ्य एका वृद्ध नटाच्या उद्ध्वस्त आयुष्याने मिळवलेले आहे. मुलांच्या घरातून बाहेर पडलेला, रस्त्यावर आलेला हा माणूस बोलू लागतो तेव्हा मागील प्रवेशांचा सगळा भार त्या शब्दांवर असतो. वीस वर्षांचा उमेदवार तो भार कोठून आणणार? तो आणतो आवाज, आणि तोही डॉ. श्रीराम लागूंचा. २०१६च्या चित्रपटानंतर काही जण नाना पाटेकरांचा आणतात, इतकाच फरक. परीक्षकास उमेदवार दिसतच नाही. त्याने कोणाला ऐकले आहे एवढेच कळते.

बेणारेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये आरोपीस बोलण्यासाठी दहा सेकंद दिले जातात. ती बोलू लागते तेव्हा भोवतालची सर्व पात्रे निश्चल होतात. म्हणजे हे दीर्घ भाषण रंगमंचावरील कोणीही ऐकत नाही. तेंडुलकरांची ही योजना अत्यंत अर्थपूर्ण आहे, कारण जिच्याविषयी सर्वजण बोलले तिचे म्हणणे कोणाच्याच कानी पडत नाही. मात्र खटला वगळून केवळ भाषण उचलले की तो क्रूर विरोधाभास नाहीसा होतो आणि उरतो तो विलाप. मुलींच्या ऑडिशनमध्ये अश्रू हेच अभिनयाचे प्रमाण मानले जाऊ लागले, त्यास तेंडुलकर जबाबदार नाहीत. त्यांचा उतारा तोडून वापरण्याची पद्धत जबाबदार आहे.

‘ती फुलराणी’ (१९७५) मधील मंजुळेचा उतारा या दोहोंपेक्षा ऑडिशनला अधिक सोयीचा ठरतो, आणि त्याचे कारण तपासण्याजोगे आहे. मंजुळा एकटी असली तरी स्वतःशी बोलत नाही. ती अनुपस्थित अशोक मास्तरांशी भांडते, त्यांना धमकावते, त्यांची फजिती मनातल्या मनात रंगवते. समोर कोणीतरी आहे असे गृहीत धरल्यामुळे नटीला काहीतरी ‘करावे’ लागते. भक्ती बर्वे यांच्या लकबींची नक्कल हा धोका येथेही आहेच.

संज्ञाविचार

मंजुळेच्या उताऱ्याला ‘स्वगत’ म्हणणे काटेकोर अर्थाने चूक आहे. संस्कृत नाट्यशास्त्रात स्वगत हे अश्राव्य मानले आहे. ते इतर पात्रांना ऐकू येत नाही. जनांतिक व अपवारित यांत ठरावीक पात्रांनाच ऐकू जाते. यांहून वेगळी युक्ती म्हणजे आकाशभाषित. यात रंगमंचावर नसलेल्या व्यक्तीशी पात्र बोलते, तिचे न ऐकू येणारे उत्तर ‘काय म्हणतोस?’ असे विचारून स्वतःच उच्चारते आणि संवाद पुढे नेते. दहा रूपकांपैकी ‘भाण’ हा एकपात्री प्रकार याच युक्तीवर उभा आहे. ‘चतुर्भाणी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार भाणांतील विट नगरातून फिरतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, थट्टा करतो. आणि एकाच नटाच्या तोंडून गजबजलेला रस्ता उभा राहतो.

ऑडिशनच्या उताऱ्याचा खरा पूर्वज हा आहे, असे येथे सुचवावयाचे आहे. परीक्षकास पाहावयाचे असते ते नटाचे ऐकणे. समोरच्याचे उत्तर कानी पडल्यावर चेहरा कसा बदलतो, एक उपाय फसल्यावर पात्र दुसरा कोणता करते, हे दोन मिनिटांत दिसले पाहिजे. स्वगतात भावना अगोदरच पक्व झालेली असते. नट ती फक्त सांगतो.

मराठी परंपरेतही या संबोधनाची वाण नाही. कीर्तन श्रोत्यांना उद्देशून असते. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) मध्ये मृत भाऊराव कीर्तनाच्याच ढंगात बोलतो. एकपात्री प्रयोगांचा आपला वारसा मात्र निराळ्या दिशेने गेला. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये प्रा. लक्ष्मण देशपांडे पन्नासाहून अधिक व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या करीत. त्या थोर प्रयोगाचे अनुकरण करताना आवाज बदलत राहणे म्हणजेच एकपात्री, असा समज महाविद्यालयीन स्पर्धांत रुजला. ऑडिशनमध्ये हे कौशल्य फारसे उपयोगी पडत नाही. तेथे एकच माणूस हवा असतो.

स्वतंत्र संहितेचा प्रश्न

नटांसाठी स्वतंत्र उतारे लिहावेत का, यावर एक गंभीर आक्षेप आहे. ब्रिटनमधील नाट्यशाळांत एक शेक्सपिअरकालीन व एक आधुनिक असा प्रकाशित नाटकांतील उतारा मागण्याची प्रथा आहे. त्यामागे उमेदवाराने संपूर्ण नाटक वाचलेले असावे ही अपेक्षा असते. सुटा उतारा वाचनातून पळवाट देतो, हा आक्षेप खरा आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या नाट्यवाचनाची अवस्था पाहता तो अध्यापकांनी हसण्यावारी नेऊ नये. परंतु सध्याच्या पद्धतीतही नाटक वाचले जातेच असे कोठे आहे? बेलवलकर पुष्कळदा ध्वनिचित्रफितीवरून पाठ होतो. शिवाय सुटा उतारा वाङ्मयीन दृष्ट्या दुय्यमच असतो असे नाही. ‘जेन मार्टिन’ या टोपणनावाने लिहिलेल्या ‘टॉकिंग विथ’ या अमेरिकन नाट्यकृतीत अभिनेत्रींसाठी अकरा स्वतंत्र एकभाषिते आहेत. ती पूर्ण प्रयोग म्हणून रंगभूमीवर आली आणि ऑडिशनसाठीही वापरली गेली.

मराठीत असा उतारा कसा दिसेल? समजा, एक तरुणी ग्रामपंचायतीत दाखल्यावरील आईच्या नावाची दुरुस्ती मागावयास आली आहे. ग्रामसेवक मान वर करीत नाही. ती प्रथम आर्जव करते, मग त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करते, मग म्हणते, “भाऊसाहेब, मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात सोमवारी या. हा चौथा सोमवार. काय म्हणता, साहेब बाहेर गेलेत? मग ही चप्पल कुणाची?” येथे रडण्यास अवसर नाही, परंतु अपमान, हुशारी व चिकाटी अशा तिन्ही गोष्टी नटीला कृतीतून दाखवाव्या लागतात. तिचे पूर्वायुष्य सांगण्याची गरज पडत नाही. ग्रामसेवकाची मान मात्र परीक्षकांना दिसली पाहिजे, आणि ती दाखविण्याची जबाबदारी सर्वस्वी नटीची.

अशा संहितेचा आणखी एक लाभ भाषेच्या अंगाने संभवतो. वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी बोलणारा विद्यार्थी बेलवलकरांच्या भारदस्त मराठीत शिरताना आपली जीभ बाहेर ठेवून येतो. परीक्षक त्याच्या उच्चारांतील दोष मोजतात. त्याच्या बोलीतील लय, तिरकसपणा, विरामांची जागा यांपैकी काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. शहरी उमेदवाराला ही अडचण जाणवत नाही, म्हणून ती परीक्षापद्धतीतील दोष म्हणून नोंदलीही जात नाही. एकांकिका लिहिणारे विद्यार्थी-लेखक जवळपास प्रत्येक महाविद्यालयात असतात. नाट्यविभागांनी व वाङ्मय मंडळांनी त्यांच्याकडून आपापल्या बोलीत, एका व्यक्तीला उद्देशून, दोन मिनिटांचे उतारे लिहवून घ्यावेत, ते नटांकडून उभे करवून पाहावेत आणि ज्यांत समोरचा माणूस दिसत नाही ते परत लेखकाकडे पाठवावेत. महोत्सवापूर्वीच्या तालमींत एवढे करणे अशक्य नाही.