लाल छपराखालचे टेबल

साखळी उपाहारगृहांतल्या पिझ्झ्याविषयी लिहिताना आपण 'सपाटीकरण' हा शब्द वापरून मोकळे होतो. चव सगळीकडे तीच, हे खरेच. पण 'पिझ्झा हट'चे परीक्षण मला पदार्थापेक्षा टेबलाच्या अंगाने करावेसे वाटते. कॅन्ससमधल्या विचिटा शहरात १९५८ साली डॅन आणि फ्रँक कार्नी या भावांनी आईकडून ६०० डॉलर उसने घेऊन ते सुरू केले. लाल छप्पर मागाहून आले. १९८०चा पॅन पिझ्झा नेपल्सच्या पातळ पिझ्झ्याचा फार दूरचा नातलग. तेल घातलेल्या खोल तव्यात भाजलेला, जाडजूड, कडेला जवळजवळ तळलेला. तवा टेबलाच्या मधोमध येतो आणि शेवटचा तुकडा कोण उचलतो यावरून त्या घराचा स्वभाव कळतो.

१९८४ साली सुरू झालेली 'बुक इट' योजना मला सर्वांत सूचक वाटते. ठरलेले वाचन पूर्ण करणाऱ्या शाळकरी मुलाला एकट्यापुरता छोटा पिझ्झा फुकट मिळे. वाचनासाठी खाऊची लाच द्यावी का, हा वाद रास्तच आहे. (मला स्वतःला ती चालली असती.) पण मूल एकटे येत नसे, आणि सोबतची मोठी माणसे थोडीच उपाशी बसणार!

घरपोच खोक्याने हे टेबल मोडले. अमेरिकेतल्या कितीतरी लाल छपरांखाली आता दुसरीच दुकाने आहेत. तिथेच वाढलेल्या माझ्या जावयाने अशा एका इमारतीपाशी गाडी हळू केली. "खिडकीजवळचा बाक आमचा," तो म्हणाला. आत गहाणवटीचे दुकान होते.