इंग्रजी संकेतार्थाचे अध्यापन : 'तीन प्रकारां'च्या मांडणीची चिकित्सा

इंग्रजीतील अटीची वाक्ये शिकविताना पहिला, दुसरा व तिसरा असे तीन प्रकार सांगण्याची रीत महाविद्यालयांत रूढ आहे. ए. जे. थॉमसन व ए. व्ही. मार्टिनेट यांच्या 'अ प्रॅक्टिकल इंग्लिश ग्रामर' (1960) या ग्रंथात हीच मांडणी आहे. प्रत्येक प्रकाराला क्रियापदाच्या रूपांची एक जोडी, उदाहरणे व पर्यायी रूपे दिल्याने संदर्भासाठी ग्रंथ निःसंशय उपयुक्त ठरतो. परंतु तो इंग्रजी परभाषा असलेल्या सर्वच विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला आहे. त्यामुळे अमुक भाषेचा विद्यार्थी नेमका कोठे अडखळतो, हे त्यातून कळत नाही. ते शोधणे शिक्षकाचेच काम होय.

बडोद्यातील वर्गात गुजराती, मराठी, उर्दू व हिंदी बोलणारे विद्यार्थी एकत्र बसतात. न घडलेल्या गोष्टीविषयी मराठीत 'तो आला असता तर मी गेलो असतो', गुजरातीत 'ते आव्यो होत तो हुं गयो होत' आणि उर्दूत 'वह आया होता तो मैं गया होता' असे म्हणतात. तिन्ही भाषांत दोन्ही उपवाक्यांची घडण सारखी आहे. इंग्रजीत मात्र अटीच्या भागात 'हॅड कम' व फलाच्या भागात 'वुड हॅव गॉन' अशी भिन्न रूपे येतात. म्हणूनच 'इफ ही वुड हॅव कम' ही चूक वारंवार दिसते. तिला निष्काळजीपणा समजून गुण कापले जातात. वस्तुतः ती घरच्या भाषेतील नियमाचीच इंग्रजीवर पडलेली छाया आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. 'माझ्याकडे पैसे असते तर मी पुस्तक घेतले असते' हे मराठी वाक्य आजच्या व कालच्या, दोन्ही प्रसंगांना चालते. इंग्रजीला येथे दोन वेगळी वाक्ये लागतात. दुसरा व तिसरा प्रकार क्रमांकाने पाठ करून हा भेद उमगत नाही. ओटो येस्पर्सन यांनी 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' (1924) मध्ये भूतकाळी रूपाच्या कल्पनादर्शक उपयोगाची चर्चा केली आहे. भूतकाळी रूप येथे काळ नव्हे, तर वास्तवापासूनचे अंतर दाखविते, हे सांगितल्यास 'इफ आय न्यू'मधील भूतकाळाचे कोडे सुटते.

संकेतार्थाची कल्पना विद्यार्थ्यांना नवी नाही. मराठी शालेय व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे क्रियापदाचे चार अर्थ शिकविले जातात. अरबी शिकलेला विद्यार्थी शक्य अटीचे 'इन' व न घडलेल्या अटीचे 'लौ' यांतील फरक जाणतो. हे भांडवल वर्गात वापरले जात नाही, हीच खरी उणीव होय.

प्रश्न केवळ परीक्षेचा नाही. 'अर्ज वेळेत आला असता तर विचार झाला असता' अशा अर्थाचे इंग्रजी पत्र हाती पडल्यावर संधी गेली की अद्याप खुली आहे, हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे. म्हणून अध्यापनाचा क्रम उलटावा. अट शक्य आहे, काल्पनिक आहे की हुकलेली आहे, हे प्रथम मातृभाषेतील वाक्यावरून ठरवावे. नंतर इंग्रजी रूप द्यावे. प्रकाराचा क्रमांक सर्वांत शेवटी सांगावा.