वाघोबा, बिबट्या आणि एका क्रियापदाचा प्रश्न

२४ नोव्हेंबर २०२२ रोजी विठ्ठलवाडी स्थानकापासून फार दूर नसलेल्या, कल्याण पूर्वेच्या चिंचपाडा भागातील एका निवासी इमारतीत बिबट्या आढळला. काही माणसे जखमी झाली. अखेर त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले. अशा प्रसंगांच्या वृत्तकथनात एक क्रियापद ठरलेले असते : ‘घुसला’. हे क्रियापद निरुपद्रवी नाही. त्यात एक सीमा, एक मालक आणि एक उपरा आधीच गृहीत असतो. कथन सुरू होण्यापूर्वीच निवेदकाची जागा दाराच्या आत निश्चित झालेली असते.

या कथनाला पर्याय म्हणून मराठी निसर्गसाहित्याकडे बोट दाखवले जाते. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६), व्यंकटेश माडगूळकरांचे ‘सत्तांतर’ (१९८२), मारुती चितमपल्लींचे (१९३२–२०२५) अरण्यलेखन ही परंपरा समृद्ध आहे, यात वाद नाही. ‘सत्तांतर’मध्ये वानरांना नावे आहेत, तरी संघर्षाचे तर्कशास्त्र वानरांचेच राहते, शीर्षक मात्र माणसांच्या राजकारणातले. कृतीचे बळ या ताणात आहे. पण वाचकाचे स्थान कोणते? प्रेक्षकाचे. अरण्य इथे नेहमी ‘तिकडे’ असते आणि वाचक समृद्ध होऊन परततो तो त्याच विठ्ठलवाडीत, जिथे त्याचा कोणत्याही प्राण्याशी काही व्यवहार नाही. चितमपल्लींच्या बाबतीत हे विधान थोडे सौम्य करावे लागेल. वनखात्यातील नोकरीत त्यांनी वनवासी माणसांकडून शब्द घेतले, आणि शब्द घेणे म्हणजे संबंधात शिरणेच होय. वालधुनीच्या काळ्या पाण्याकाठी उभ्या पक्ष्याला ‘ढोकरी’ म्हणता येणाऱ्यासाठी तो नाला क्षणभर तरी कोणाचे तरी भक्ष्यस्थान होतो.

याउलट वारल्यांचा वाघोबा. मुंबई उपनगर, ठाणे व पालघर जिल्ह्यांत केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाघोबाच्या १५० स्थानांची नोंद आहे. ‘वाघ’ हा शब्द इथे पट्टेवाला आणि बिबट्या दोघांनाही सामावून घेतो. प्राणिशास्त्राला ही ढिलाई वाटेल, पण नात्याच्या दृष्टीने ती नेमकी आहे. एका प्रचलित कथाबंधात वाघ हा माणसाच्याच पोटचा मुलगा. त्याच्या वागण्याने गाव हादरते, आई मध्ये पडते आणि वर्षाच्या नैवेद्याचा करार होतो. वाघबारशीचा विधी हे त्या कराराचे नूतनीकरण. लक्षात घ्यावे की या कथेत वाघ घुसत नाही. तो घरातूनच बाहेर गेलेला असतो. क्रियापदाची दिशाच उलटलेली आहे. वारल्यांना बिबट्याचे भय नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. भय आहे म्हणूनच करार आहे.

हीच कथा आज वन्यजीव-प्रबोधनाचे साधन म्हणून शहरात आणावी, अशी सूचना वारंवार होते. हेतू चांगला, परंतु येथे एक घोटाळा आहे. कोंबडे देणारा, गुरे गमावणारा, त्या रानातून रात्री चालणारा श्रोता वगळला की करार उरत नाही, उरते बोधकथा. ती ऐकून मुले टाळ्या वाजवतील, एवढेच. कथेचा आशय स्थलांतरित करता येतो, तिचे देणेघेणे नाही.

मग उल्हासनगरसारख्या वस्तीला स्वतःची प्राणिकथा असू शकते काय? लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये तिला हे नाव मिळाले. इथे बिबट्यालाही ‘निर्वासित’ म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्या रूपकात दोघांचीही दुःखे स्वस्त होतात. अधिक उपयोगी संहिता दुसरीकडे आहे : त्या इमारतीतील रहिवाशांनी नातलगांना, शेजाऱ्यांना सांगितलेला वृत्तान्त. कोणत्या जिन्यापासून तो सुरू होतो, कोणाचे दार उघडे होते, सांगणारी आजी मध्येच आवाज का उतरवते आणि तिच्या तोंडी कोणते क्रियापद येते. लोककथेच्या अभ्यासकाने आता तिथे जाऊन बसायला हवे.